वायर न तोडता करंट मोजायचा असेल तर आधी सेन्सरची जागा ठरवा

प्रश्न थोडक्यात असा आहे. ई-रिक्षाच्या ४८ व्होल्ट बॅटरीतून कंट्रोलरकडे जाणारा डीसी करंट वायर न तोडता मोजायचा आहे. तो जास्तीत जास्त १५० अँपिअर असतो. विचारणाऱ्याने एसएस४९ई हा तीन पायांचा हॉल सेन्सर केबलच्या इन्सुलेशनवर टेपने चिकटवला आणि आउटपुट आर्डुइनो या छोट्या मायक्रोकंट्रोलर बोर्डाला दिलं. आकडा मिळतो, पण सकाळी एक, दुपारी दुसरा आणि केबल जरा सरकली की तिसराच. महागाचा सेन्सर घेतला तर हे थांबेल का? दुसरा प्रश्न असा की शेडमधल्या साडेसात एचपीच्या थ्री फेज कंप्रेसरची केबलही अशीच वरून मोजता येईल का?

पहिल्याचं उत्तर: नाही थांबणार. दहापट किमतीचा सेन्सर त्याच जागी तसाच चिकटवलात, तरी केबल सरकली की आकडा बदलणारच. हॉल सेन्सर करंट मोजत नाही. तो जिथे बसला आहे त्या एका बिंदूवरचं चुंबकीय क्षेत्र मोजतो, तेही एकाच दिशेचं. त्या क्षेत्रातला किती भाग तुमच्या वायरचा, किती शेजारच्या वायरचा, किती मोटरच्या मॅग्नेटचा आणि किती पृथ्वीचा, हे त्याला कळायला मार्ग नाही. आपल्याला हवाय तेवढाच करंट त्याला दिसेल अशी रचना आपणच करायची असते, आणि या कामातली नव्वद टक्के मेहनत तिथेच जाते.

आता तुमच्याच मांडणीचे आकडे घेऊ. सरळ लांब वायरभोवतीचं क्षेत्र काढायला एक सोपा हिशेब लक्षात ठेवा: अँपिअरला दोनने गुणा आणि वायरच्या मध्यापासूनच्या मिलिमीटर अंतराने भागा, उत्तर गॉसमध्ये, म्हणजे चुंबकीय क्षेत्राच्या एककात, मिळतं. तुमच्या जाड केबलचा मध्य आणि चिपच्या आतला हॉल घटक यांत इन्सुलेशन धरून साधारण ७ मिलिमीटर अंतर असेल. म्हणजे १५० अँपिअरला सुमारे ४३ गॉस. एसएस४९ई एका गॉसला १.४ मिलिव्होल्ट देतो, म्हणजे पूर्ण लोडवर शून्यापासून फरक पडतो तो फक्त ६० मिलिव्होल्टचा. आर्डुइनो ऊनोचा एडीसी, म्हणजे व्होल्टेजचा आकडा करणारा भाग, १० बिटांचा, त्याची एक पायरी ४.९ मिलिव्होल्टची. तुमचा अख्खा १५० अँपिअरचा पल्ला बारा पायऱ्यांत बसला. एक पायरी म्हणजे साडेबारा अँपिअर!

दुपारचा आकडा का हलतो तेही यातच आहे. करंट शून्य असताना या चिपचं आउटपुट पुरवठ्याच्या अर्धं, म्हणजे अडीच व्होल्टच्या आसपास असतं. स्वस्त लिनियर हॉल चिपमध्ये हा मधला स्तर तापमानाबरोबर सरकतो. अंशाला एक-दोन मिलिव्होल्ट सरकला तरी नवल नाही. तुमच्या मांडणीत एक अँपिअर म्हणजे ०.४ मिलिव्होल्ट. पत्र्याच्या टपाखाली सकाळ आणि दुपार यांत १० अंशांचा फरक सहज पडतो. अंशाला एकच मिलिव्होल्ट धरला तरी १० मिलिव्होल्ट झाले, म्हणजे गाडी उभी असताना २५ अँपिअरचा खोटा आकडा. कोडमध्ये सरासरी घेऊन हे जाणार नाही. सरासरीने थरथर कमी होते, सरकलेलं शून्य जागेवर येत नाही.

केबल सरकण्याचं गणित तर आणखी सरळ आहे. अंतर ७ मिलिमीटरचं ८ झालं की क्षेत्र साडेबारा टक्क्यांनी घटतं. रिक्षा खड्ड्यातून जाताना टेपखाली एवढी हालचाल होणारच. त्यातच बॅटरीची निगेटिव्ह केबल जवळून गेलेली असेल, तर तिच्यातला तेवढाच उलटा करंट तुमच्या आकड्यात भर घालतो किंवा त्यातून वजा होतो. काय होईल ते सेन्सर दोन्हींच्या मधे आहे की बाहेर यावर ठरतं. दोन्ही केबल एकत्र बांधल्या की बाहेर उरणारं क्षेत्र अंतराच्या वर्गाने घटतं, आणि पीळ घातला तर जवळपास उरतच नाही.

येताजाताचा करंट एकमेकांजवळ नसेल तर उलट काय होतं, याचं मुंबईतलं उदाहरण मला फार महत्त्वाचं वाटतं. कुलाब्याच्या वेधशाळेत १८४० च्या दशकापासून पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्राच्या नोंदी होत होत्या. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला मुंबईत विजेच्या ट्राम येणार असं ठरलं. ट्रामचा डीसी करंट वरच्या तारेतून जातो, रुळांतून परत येतो आणि काही जमिनीत पसरतो. त्यामुळे मोठा उघडा वेढा तयार होतो आणि त्याचं क्षेत्र दूरवर जाणवतं. कुलाब्याच्या नोंदी त्यात बिघडणार हे ओळखून वेधशाळेचे संचालक नानाभाई मूस यांच्या काळात चुंबकीय वेधशाळा अलिबागला नेली गेली. १९०४ मध्ये तिथलं काम सुरू झालं, दोन्हीकडच्या नोंदींची सांगड बसावी म्हणून काही काळ कुलाबा आणि अलिबाग या दोन्ही ठिकाणी मापनं चालू ठेवली, आणि १९०७ मध्ये ट्राम धावू लागल्या. अलिबागची वेधशाळा आजही चालू आहे. ज्यांना ट्रामचा करंट नको होता त्यांना अख्खी वेधशाळा खाडीपलीकडे न्यावी लागली. आपल्याला करंट हवा आहे, पण फक्त एका वायरचा. त्यासाठी जागा बदलून भागत नाही, वायरीला वेढा घालावा लागतो.

टाँग टेस्टरचा, म्हणजे वायरीला कवेत घेऊन करंट मोजणाऱ्या मीटरचा, जबडा पूर्ण बंद व्हावा लागतो तो यासाठीच. करंट वाहणाऱ्या वायरीभोवती कुठलाही बंद वेढा घ्या आणि त्यावरच्या क्षेत्राची फिरती बेरीज करा. ती फक्त वेढ्यातून आरपार गेलेल्या करंटवर अवलंबून असते. वायर मधोमध आहे की कडेला, याने फरक पडत नाही. वेढ्याबाहेरच्या वायरीचं एका बाजूला जेवढं अधिक, तेवढंच दुसऱ्या बाजूला उणे होतं आणि बेरजेत तिचा वाटा शून्य. हा अँपिअरचा नियम. फेराइटचा किंवा सिलिकॉन स्टीलचा कोर, म्हणजे वायरीभोवतीचं कडं, ही बेरीज आपोआप करतो, कारण चुंबकीय रेषांना हवेपेक्षा कोरमधून जाणं कितीतरी सोपं असतं. कोरला एक फट ठेवायची आणि हॉल सेन्सर त्या फटीत बसवायचा.

फटीतल्या क्षेत्राचा हिशेबही तोंडी करता येतो: अँपिअरला साडेबाराने गुणा आणि फटीच्या मिलिमीटरने भागा, की गॉस. तुमच्या १५० अँपिअरला ३ मिलिमीटरची फट ठेवली तर साधारण ६२५ गॉस मिळतात. एसएस४९ई ६५० गॉसपर्यंत सरळ रेषेत चालतोच, त्यामुळे तो मर्यादेत राहिला. आउटपुट ८७५ मिलिव्होल्ट, म्हणजे अँपिअरला जवळपास ५.८ मिलिव्होल्ट. सेन्सर तोच, किंमत तीच, आणि उत्तर चौदापट मोठं. तापमानाने सरकणारे १० मिलिव्होल्ट मघाशी २५ अँपिअरचे होते, ते आता पावणेदोन अँपिअरचे राहिले. रीजनचा, म्हणजे ब्रेक लावताना मोटरकडून परत येणारा, किंवा चार्जरचा करंट उलट दिशेने आला तर आउटपुट अडीच व्होल्टच्या खाली जाईल. तेही मोजलं जातं, वेगळं काही करावं लागत नाही.

फट याहून कमी केली तर उत्तर अजून मोठं मिळेल, पण चिपची मर्यादा ओलांडली जाईल. कोरचीही मर्यादा असते. फेराइट साधारण साडेतीन हजार गॉसला तृप्त होतो, आणि त्यानंतर करंट कितीही वाढला तरी आकडा फारसा वाढत नाही. ३ मिलिमीटरच्या फटीला ती वेळ आठशे अँपिअरच्या पुढे येते, म्हणून तुमच्या कामात काळजी नाही. फट चिकटवताना मात्र फार जपून. ३ मिलिमीटरमध्ये ०.१ मिलिमीटरचा फरक म्हणजे तीन टक्के. पीसीबीच्या कोऱ्या पट्टीचा तुकडा मध्ये घालून इपॉक्सीने पक्कं करा. हॉट ग्लू वापरू नका. उन्हात तो मऊ होतो आणि कोरचे दोन तुकडे हळूहळू सरकतात. फेराइट ठिसूळ असतो, हॅकसॉने कापायला गेलात की तुकडे पडतात. डायमंड व्हील आणि पाणी हाताशी नसेल तर दोन अर्ध्या भागांचा कोर विकत घ्या आणि लक्षात ठेवा की त्याला सांधेही दोन असतात. दुसऱ्या सांध्यात कागदाएवढीही फट राहिली तरी ती हिशेबात धरावी लागते.

कोरला एक खोड असते, त्याला आठवण राहते. मोठा झटका येऊन गेला, म्हणजे मोटर जाम झाली किंवा शॉर्ट झाला, की करंट शून्यावर आला तरी कोरमध्ये थोडं चुंबकत्व मागे उरतं आणि तेवढा आकडा कायम दिसतो. सिलिकॉन स्टीलमध्ये हे जास्त, चांगल्या फेराइटमध्ये कमी. हातातल्या डीसी टाँग टेस्टरवर झिरोचं बटण असतं ते यासाठी आणि पृथ्वीसाठीही. आपल्याकडे पृथ्वीचं क्षेत्र सुमारे ०.४ गॉस आहे. चांगल्या डीसी टाँग टेस्टरचा जबडा रिकामा ठेवून मीटर पूर्वेकडून उत्तरेकडे फिरवा, शेवटचा अंक हललेला दिसेल. म्हणून झिरो नेहमी मोजायच्या जागी आणि मोजायच्या दिशेतच घ्यायचं. टेबलावर झिरो करून मग पॅनेलमध्ये हात घालण्यात अर्थ नाही.

तुमच्या रिक्षात झिरोचं बटण कोण दाबणार? इथे एक सोय आहे. चावी बंद आणि कॉन्टॅक्टर (मुख्य स्विच) उघडा असतो तेव्हा कंट्रोलरच्या केबलमध्ये करंट नसतो हे तुम्हाला आधीच माहीत आहे. त्या क्षणी आर्डुइनोने दोनशे-तीनशे नमुने घेऊन त्यांची सरासरी शून्य म्हणून साठवावी. रोज चावी फिरवताना हे झालं की दुपारचा सरक बराचसा निघून जातो. एसएस४९ईचं आउटपुट पुरवठ्याच्या प्रमाणात बदलतं, म्हणून सेन्सरचा पुरवठा आणि एडीसीचा संदर्भ, म्हणजे तो ज्याच्याशी तुलना करतो ते व्होल्टेज, एकाच पाच व्होल्टवरून घ्या. पुरवठा थोडा पडला तरी दोन्ही सारखेच पडतात. १६ बिटांचा, सहज मिळणारा एडीएस१११५ हा वेगळा एडीसी लावलात तर पायरी बारीक होईल, पण त्याचा संदर्भ त्याच्या आतला असतो, त्यामुळे पाच व्होल्टचं वाचनही वेगळ्या चॅनेलवर घ्यावं लागेल. कंट्रोलरच्या स्विचिंगची कचकच सेन्सरच्या वायरीत शिरते. तीन वायरींना पीळ द्या आणि एडीसीपाशी १ किलोओहम आणि १ मायक्रोफॅरड लावा. साधारण १६० हर्ट्झच्या वरचं सगळं मावळतं आणि सरासरी डीसीला धक्का लागत नाही.

हे सगळं नीट केलंत तर लोड दाखवायला, ओव्हरलोडला कट-ऑफ द्यायला ही रचना उत्तम चालेल. पण तुम्ही शेवटी लिहिलं आहे की यावरून बॅटरीत किती टक्के चार्ज उरला ते काढायचं आहे. त्यासाठी ही रचना मी देणार नाही. अँपिअर-तासांची बेरीज करताना शून्याची चूकही बेरजेत जमत राहते. फक्त एक अँपिअरचं खोटं शून्य चोवीस तासांत २४ अँपिअर-तास होतं, १०० अँपिअर-तासाच्या बॅटरीचा जवळपास पाव हिस्सा. तिथे शंट, म्हणजे करंटच्या वाटेत बसवायचा अगदी कमी, ठरावीक रोधाचा तुकडा, घ्या. २०० अँपिअर, ७५ मिलिव्होल्टचा शंट बाजारात कुठेही मिळतो. १५० अँपिअरला त्यावर ५६ मिलिव्होल्ट पडतात आणि साडेआठ वॅटच्या आसपास उष्णता होते. शंटवर करंट शून्य असेल तर व्होल्टेजही शून्यच, तो तापमानाने सरकत नाही. निगेटिव्ह केबलचा एक लग खोलून तो मध्ये बसवावा लागतो, म्हणजे वायर कापायची नाही, एक बोल्ट काढायचा आहे. ४८ व्होल्टच्या गाडीत हे काम सुरक्षितपणे होतं, मग संपर्क टाळण्याचा हट्ट धरण्याचं कारण नाही. चुंबकीय पद्धतीची खरी गरज लागते ती व्होल्टेज जास्त असतं, वायर थांबवून खोलता येत नाही किंवा करंट इतका मोठा असतो की शंट भट्टीसारखा तापेल, तिथे.

एसीएस७१२ची छोटी हिरवी-निळी मॉड्यूल्सही हॉलवरच चालतात, म्हणून लोक त्यांनाही संपर्काविना म्हणतात. तसं नाही. त्यात करंट चिपच्या आतल्या तांब्याच्या पट्टीतून जातो, वायर तोडावीच लागते. मिळतं ते विद्युत अलगीकरण, म्हणजे पॉवरच्या बाजूचं व्होल्टेज आर्डुइनोच्या बाजूला येत नाही. तेही चिपपुरतं, मॉड्यूलच्या स्क्रू टर्मिनलवर २३० व्होल्ट उघडे असतात हे विसरू नका.

मधली एक पायरी क्लोज्ड लूप सेन्सरची. त्याच्या कोरवर हजार वेढ्यांची बारीक तार गुंडाळलेली असते. फटीतल्या हॉल घटकाला क्षेत्र दिसलं की अँप्लिफायर त्या तारेत उलटा करंट सोडतो आणि क्षेत्र पुन्हा शून्य होईपर्यंत वाढवत नेतो. मुख्य वायरीत १५० अँपिअर असतील तर तारेत १५० मिलिअँपिअर, आणि आपण तेवढाच एका रेझिस्टरवर वाचतो. हॉल घटक इथे फक्त शून्य झालं की नाही एवढंच सांगतो, त्यामुळे त्याची संवेदनशीलता तापमानाने बदलली तरी बिघडत नाही. अचूकता अर्ध्या टक्क्याच्या आसपास मिळते आणि वेग शंभर किलोहर्ट्झच्या वर जातो, कारण वरच्या फ्रिक्वेन्सीला तीच तार सीटीसारखं, म्हणजे करंट ट्रान्सफॉर्मरसारखं, काम करते. बदल्यात दुहेरी पुरवठा लागतो आणि मोजलेल्या करंटच्या प्रमाणात तो वीजही खातो. सोलर इन्व्हर्टर आणि वेल्डिंग मशीनमध्ये तुम्हाला हेच काळे ठोकळे दिसतील.

आता कंप्रेसर. तिन्ही फेजच्या तारा एकाच आवरणात असलेल्या केबलवर टाँग टेस्टर लावलात तर आकडा शून्य येईल, आणि तो बरोबर आहे. तिन्ही फेजच्या करंटची कुठल्याही क्षणाची बेरीज शून्य असते आणि वेढ्याला बेरीजच दिसते. शून्य आला नाही तर तेवढा करंट अर्थिंगमधून वाट काढतोय, वाइंडिंगचं इन्सुलेशन तपासा. घरातली ३० मिलिअँपिअरची आरसीसीबी, म्हणजे गळती ओळखून वीज तोडणारा स्विच, हेच करते: फेज आणि न्यूट्रल एका वेढ्यातून नेते आणि बेरीज शून्य नसेल तर ट्रिप होते. सुटा सेन्सर केबलच्या पृष्ठभागावर चिकटवलात तर जी तार जवळ असेल तिचा वरचष्मा दिसेल आणि केबल पिळली की तोही बदलेल. आर्मर्ड केबल असेल तर बाहेरच्या लोखंडी तारांनी क्षेत्र आणखी विस्कटतं. मोटर चालू आहे की बंद एवढं वरून कळू शकतं. किती अँपिअर घेतेय हे सांगायला जाऊ नका.

इथे हॉलची गरजच नाही. करंट ५० हर्ट्झ एसी आहे, साधा उघडता येणारा सीटी पुरे. स्टार्टर पॅनेलमध्ये जिथे तिन्ही फेज सुटे होतात तिथे एकेका फेजवर एक बसवा. साडेसात एचपीची मोटर पूर्ण लोडवर साडेदहा अँपिअरच्या आसपास घेते. त्यासाठी १०० अँपिअरचा सीटी घेऊ नका, पल्ल्याच्या तळाशी सीटीची चूक सगळ्यात जास्त असते. एससीटी-०१३ मालिकेतला ३० अँपिअरला १ व्होल्ट देणारा घ्या, त्यात रेझिस्टर आतच असतो. सुरू होतानाचा सहापट झटका त्यात छाटला जाईल, पण रनिंग लोड नीट दिसेल. रेझिस्टर आत नसलेला सीटी घेतलात तर त्याची दुय्यम बाजू वायर जोडलेली असताना कधीही उघडी सोडायची नाही. करंटला वाट मिळाली नाही की टोकांवर धोकादायक व्होल्टेज चढतं. मोठ्या पॅनेलच्या ५ अँपिअर दुय्यमच्या सीटीत हे जिवावर बेततं, म्हणून मीटर काढण्याआधी शॉर्टिंग लिंक लावण्याचा नियम आहे. जबड्याचे घासलेले तोंड बोटाने पुसून बंद करा. कंप्रेसरच्या शेडमधली तेलकट धूळ तिथे बसली की आकडा कमी येतो.

नमुने घेताना पूर्ण आवर्तनं धरा. ५० हर्ट्झचं एक आवर्तन २० मिलिसेकंदांचं. दहा आवर्तनांचे, म्हणजे २०० मिलिसेकंदांचे नमुने सेकंदाला दोनेक हजारांच्या वेगाने घ्या, प्रत्येकाचा वर्ग, सरासरी, मग वर्गमूळ. मोटर व्हीएफडीवर, म्हणजे फ्रिक्वेन्सी बदलून वेग बदलणाऱ्या ड्राइव्हवर, असेल तर स्वस्त सरासरीवाला टाँग टेस्टर आणि ट्रू आरएमएस मीटर (वर्ग, सरासरी, वर्गमूळ हा हिशेब खरोखर करणारा) यांचे आकडे जुळणार नाहीत. तिथे ट्रू आरएमएसवरच विश्वास ठेवा.

बसबारला, म्हणजे करंट नेणाऱ्या जाड धातूच्या पट्टीला, कोर बसवायला जागा नसेल तर दोन वाटा आहेत. एक रोगोव्स्की कॉइल, वॉल्टर रोगोव्स्की यांनी १९१२ मध्ये मांडलेली. लवचिक नळीवर तार गुंडाळलेली असते, बसबारभोवती ती वळवून टोकं जुळवायची. कोर नाही म्हणून तृप्त होण्याचा प्रश्न नाही, हजारो अँपिअर चालतात. ती करंटच्या बदलाचा वेग दाखवते, त्यामुळे पुढे इंटिग्रेटर लागतो आणि डीसी तिला दिसत नाही.

दुसरी वाट म्हणजे कोराऐवजी बारभोवती अनेक सेन्सर मांडून आपणच बेरीज करणं. हा भाग मला सगळ्यात आवडतो, कारण मांडणीचा परिणाम आकड्यात उघड दिसतो. समजा दोन बारच्या मध्यांत ७५ मिलिमीटर अंतर आहे, सेन्सर आपल्या बारच्या मध्यापासून २० मिलिमीटरवर आहे आणि शेजारच्या बारमधून तेवढाच करंट जातोय. एकच सेन्सर शेजाऱ्याच्या बाजूला लावला तर शेजाऱ्याचा वाटा आपल्या क्षेत्राच्या ३६ टक्के भरतो. तोच सेन्सर तिथून उचलून बारच्या वर, ओळीला काटकोनात लावला तर ६.६ टक्के. पैसा खर्च न करता चूक पाचपट कमी झाली! समोरासमोर दोन लावून बेरीज घेतली तर शेजाऱ्याचा वाटा सात टक्क्यांच्या आसपासच राहतो, पण पृथ्वीसारखं सगळीकडे सारखं असलेलं क्षेत्र पूर्ण कटतं आणि बार थोडा सरकला तरी बेरीज फारशी हलत नाही. चार लावले तर शेजाऱ्याचा वाटा अर्धा टक्का. आठ लावले तर तो हजारात एकाच्याही खूप खाली जातो, आणि मग सेन्सर एकमेकांशी किती जुळतात हीच मर्यादा उरते. बार रुंद पट्टीचा असेल तर हे आकडे अंदाजाचे समजा. अशा मांडणीत अलीकडे हॉलऐवजी टीएमआर सेन्सर वापरतात, ज्यांचा रोध चुंबकीय क्षेत्राने बदलतो. ते कमी क्षेत्राला कितीतरी जास्त उत्तर देतात, पण लवकर तृप्त होतात, म्हणून मोठ्या करंटजवळ त्यांना लांब ठेवावं लागतं.

याच्या वरच्या टोकालाही तत्त्व तेच आहे. चंद्रपूर ते पडघे ही अधिक आणि उणे पाचशे किलोव्होल्टच्या दोन पोलांची डीसी लाइन ७५० किलोमीटरच्या आसपास लांब आहे आणि पूर्ण क्षमतेला, १५०० मेगावॅटला, प्रत्येक पोलमधून १५०० अँपिअर वाहतात. डीसी असल्यामुळे साधा सीटी तिथे आंधळा असतो. सर्न या युरोपीय संशोधन संस्थेच्या एलएचसी या कणत्वरकामध्ये मुख्य चुंबकांना ११,००० अँपिअरहून जास्त डीसी लागतो आणि तो दशलक्षातल्या काही भागांइतक्या अचूकतेने सांभाळावा लागतो. तिथे झिरो फ्लक्स सेन्सर आहेत, म्हणजे मघाचीच क्षेत्र शून्य करण्याची युक्ती, फक्त हॉलऐवजी फ्लक्सगेट नावाच्या जास्त अचूक घटकावर. ॲल्युमिनियम स्मेल्टरमध्ये करंट लाखो अँपिअरमध्ये जातो, तेव्हा कोर बांधण्याऐवजी बसबारभोवती ऑप्टिकल फायबरचा वेढा घालतात. १८४५ मध्ये फॅरडेने दाखवलं होतं की चुंबकीय क्षेत्रात प्रकाशाच्या ध्रुवणाची दिशा फिरते. फायबरभर जमलेलं हे फिरणं म्हणजे पुन्हा तीच बंद वेढ्यावरची बेरीज.

तुमचा कोर बनवून झाला की १५० अँपिअरचा स्रोत नसताना कॅलिब्रेट कसा करायचा? वेढे घ्या. कारच्या हेडलाइटचा ५५ वॅटचा बल्ब १२ व्होल्टवर साडेचार अँपिअरच्या आसपास घेतो. त्याची वायर कोरातून वीस वेळा आरपार नेली की कोरला ९० अँपिअर दिसतात. खरा आकडा चांगल्या मल्टिमीटरच्या १० अँपिअर रेंजवर मालिकेत जोडून बघा. बल्ब पेटवल्यावर अर्धा मिनिट थांबा, फिलामेंट गरम होईपर्यंत करंट स्थिर नसतो. पाच, दहा, पंधरा, वीस वेढ्यांचे आकडे कागदावर मांडा. सरळ रेषा आली पाहिजे. नंतर वायर उलट दिशेने घालून तेच पुन्हा. दोन्ही रेषा शून्य करंटला एकाच आकड्यावर मिळत नसतील तर कोर एका बाजूला चुंबकित झालाय.

मग करंट चालू असताना तीन गोष्टी करून पाहा. केबल कोराच्या आतच एका कडेहून दुसऱ्या कडेला सरकवा. निगेटिव्ह केबल बाहेरून कोराला टेकवा. मोठा स्क्रूड्रायव्हर फटीजवळ आणा. पहिल्या दोन्हींत आकडा एक-दोन टक्क्यांपेक्षा जास्त हलला तर कोडला हात लावू नका, आधी दुसरा सांधा घट्ट करा. स्क्रूड्रायव्हरने हलणारच, म्हणून गाडीत कोर चॅसिसच्या पत्र्यापासून आणि मोटरपासून चार बोटं लांब, प्लास्टिकच्या क्लॅम्पवर बसवा. कंप्रेसरच्या पॅनेलमध्ये सीटी बसवताना मात्र मेन बंद, टेस्टरने तिन्ही फेज तपासून, आणि सीटी फक्त इन्सुलेशन असलेल्या वायरवर. उघड्या बसबारवर घरी बनवलेलं काहीही बसवू नका.